जुन्या मिनी ट्रॅक्टरची चाकं: कोणती रिम घ्यायची, कोणती परत पाठवायची आणि टायर कसा निवडायचा



व्हिडिओत आपण १५ हॉर्सपॉवरच्या जुन्या मिनी ट्रॅक्टरचं मागचं चाक खोललं, रिम घासली, रंगवली आणि टायर पुन्हा चढवला. कॅमेऱ्यासमोर आकडे सांगत बसलं की बघणारे पुढे ढकलतात. म्हणून मापं, हवेचा दाब आणि खर्चाचा हिशोब इथे सविस्तर लिहितोय. तालुक्याच्या ठिकाणी चाक-टायरचं छोटं वर्कशॉप टाकायचा विचार करणाऱ्यांसाठी हे आहे. पंक्चरचं दुकान आधीपासून असेल आणि काम वाढवायचं असेल तर आणखी चांगलं, कारण निम्मी अवजारं तुमच्याकडे असतीलच.

एक गोष्ट आधीच सांगतो. रिमला रंग मारणारे गावोगाव आहेत आणि टायर फोनवरूनही मागवता येतो. तुमच्याकडे गिऱ्हाईक येणार ते दोन प्रश्नांच्या उत्तरासाठी: ही रिम अजून चालेल का, आणि माझ्या कामाला कोणता टायर बसेल? या दोन्हींचं उत्तर ठामपणे देता आलं तर धंदा उभा राहतो. देता येत नसेल तर आधी ते शिका, कॉम्प्रेसर नंतर घ्या.

काम कुठे आहे

निफाड, दिंडोरी, तासगाव, पंढरपूर, सांगोला या पट्ट्यात द्राक्ष-डाळिंबाच्या बागांमधून मिनी ट्रॅक्टर रोज फिरतो. आठ-दहा फुटांच्या ओळीत मोठा ट्रॅक्टर वळत नाही, त्यामुळे फवारणीचा ब्लोअर ओढायला हाच लागतो. चाक लवकर खराब होतं तेही याच फवारणीमुळे. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद लोखंडाला खातं. गंधकाची फवारणी, ठिबकच्या खताचं सांडलेलं पाणी, शेणाचा चिखल हे सगळं रिमच्या कडेला साचून राहतं. त्यात मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असतं. व्हॉल्व्हपाशी ट्यूब झिरपत असेल तर रिम आतून कुजते आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो.

हंगाम लक्षात ठेवा. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्यांची रांग लागते. तेव्हा कोणीही ट्रॅक्टर तीन दिवस तुमच्या शेडमध्ये सोडणार नाही. माल उतरल्यावर खरड छाटणीपर्यंतचा काळ आणि पावसाळ्याच्या शेवटी ऑक्टोबर छाटणीच्या आधीचे आठवडे, हे तुमचे कामाचे दिवस. यावर एक उपायही आहे. तुमच्या तालुक्यात ज्या मेकचे ट्रॅक्टर सगळ्यात जास्त आहेत त्याची मागच्या चाकांची एक जोडी तयार करून ठेवायची. गिऱ्हाईक आलं की तयार जोडी बसवून द्यायची, त्याची जुनी जोडी ठेवून घ्यायची आणि फरकाचे पैसे घ्यायचे. तासाभरात ट्रॅक्टर बाहेर पडतो. मात्र टायरचं माप सारखं असलं तरी डिस्कची भोकं आणि तिची खोली मेकप्रमाणे बदलते. म्हणून पाच मेकच्या जोड्या जमवायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका.

खोलण्याआधी

ट्रॅक्टर आत आला की पहिलं काम फोटो. चारही चाकं, बाहेरून आणि आतून. टायरवरचं माप, नक्षीची दिशा, दोन चाकांतलं अंतर हे सगळं कार्डावर लिहा. मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांतलं अंतर बऱ्याचदा डिस्क उलटी-सुलटी लावून कमी-जास्त केलेलं असतं. शेतकऱ्याने ते त्याच्या ओळीच्या मापाने बसवून घेतलेलं असतं. तुम्ही तुमच्या मनाने डिस्क फिरवून बसवली तर चाक वेलीच्या बुंध्याला घासणार, आणि दोष तुमच्याकडे येणार.

पुढची चाकं घट्ट अडवा, जॅक पक्क्या फरशीवरच लावा आणि नुसत्या जॅकवर ट्रॅक्टर कधीही ठेवू नका. खाली स्टँड हवाच. नट जमिनीवर असतानाच ढिले करून घ्या. पाणी भरलेलं चाक असेल तर व्हॉल्व्ह खालच्या बाजूला आणून, तोंड बाजूला ठेवून, मगच आतली पिन काढा. पाणी भरलेलं चाक एकट्याने उतरवायचं नाही. ते कलंडलं की माणसाच्या हाताने थांबत नाही.

रिमची तपासणी: धंद्याचं मुख्य काम

टायर उतरला की रिम धुऊन, वाळवून, तारेच्या ब्रशने साफ करा आणि उजेडात घ्या. रंगाखालचं काहीही गृहीत धरू नका. मी या क्रमाने बघतो.

आधी डिस्कची नटांची भोकं. नट ढिले ठेवून ट्रॅक्टर चालवला असेल तर भोक गोल राहत नाही, लांबट होतं. नटाची निमुळती बाजू जिथे बसते ती जागा झिजून चमकते. भोकाच्या कडेतून केसासारखी भेग निघालेली असू शकते. ती दिसत नसेल तर तिथे थोडं पातळ तेल लावून पुसा आणि वरून खडूची पूड टाका. भेगेत शिरलेलं तेल काही वेळाने पुडीवर रेघ उमटवतं. भोक लांबट किंवा भेग दिसली की ती डिस्क बाद. वेल्डिंग करून देऊ नका. रिम बनवणाऱ्या कंपन्याही भेगाळलेली रिम किंवा डिस्क वेल्ड करून वापरायला मनाई करतात, आणि त्याला कारण आहे. वेल्डच्या शेजारचा पत्रा कडक होतो आणि पुढची भेग तिथूनच निघते.

मग टायरची कड जिथे बसते तो भाग. इथे गंजाचे खड्डे असतात. आपल्याकडच्या मिनी ट्रॅक्टरांना बहुतेक ट्यूबचे टायर असतात, त्यामुळे बारीक खड्ड्यांनी हवा जात नाही. पण धारदार कडा ट्यूब कापतात. घासून गुळगुळीत होत असेल तर ठीक. पत्रा किती उरलाय ते व्हर्नियरने मोजा. एक माप चांगल्या जागी घ्या, एक सगळ्यात खाल्लेल्या जागी. माझा नियम साधा आहे: एक तृतीयांशापेक्षा जास्त जाडी गेली असेल तर रिम परत. कोणी म्हणेल फार कडक आहे. असू दे.

तिसरी जागा व्हॉल्व्हचं भोक. पाणी इथेच झिरपतं, म्हणून गंज इथे सगळ्यात जास्त. भोक मोठं होऊन कड चिरकी झाली असेल तर नवी ट्यूबसुद्धा काही महिन्यांत व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटणार. काही ट्रॅक्टरांची रिम आणि डिस्क बोल्टने जोडलेली असते. तिथे नुसती रिम बदलून भागतं आणि शेतकऱ्याचे पैसे वाचतात. हे त्याला तुम्ही सांगा, त्याला माहीत असेलच असं नाही.

शेवटी चाक हबवर लावून फिरवा आणि एका जागी खडू धरा. कड आत-बाहेर किती जाते ते लगेच कळतं. किरकोळ वाकलेली कड घणाने सरळ होते. डिस्कच वाकली असेल तर नाही.

आता कठीण भाग. गिऱ्हाईक म्हणणार, "अहो दादा, एवढी भेग वेल्डिंग मारून द्या, हा हंगाम निघू द्या, पुढच्या वर्षी नवीन घेतो." माणूस ओळखीचा असतो, बागेत औषधाची वेळ झालेली असते, आणि समोरचा वेल्डर शंभर-दोनशे रुपयांत ते करून द्यायला तयार असतो. तुम्ही नाही म्हणालात तर आजचं काम गेलं. तरीही नाही म्हणा. मागे भरलेला ब्लोअर आहे, बांधावरून उतरताना सगळं वजन एका चाकावर येतं, आणि सीटवर त्याचा मुलगा किंवा गडी बसलेला आहे. मिनी ट्रॅक्टर अरुंद असतो. चाक गेलं तर तो उलटायला वेळ लागत नाही. कार्डावर "भेग आहे, वापरण्यायोग्य नाही" असं लिहा, फोटो जोडा, त्याची सही घ्या आणि तपासणीचे ठरलेले पैसे घ्या. तपासणी फुकट ठेवलीत तर नाही म्हणताना जीभ अडखळते.

घासणं आणि रंग

इथे फार वेळ घालवत नाही, व्हिडिओत सगळं दिसतं. ग्राइंडरला तारेचा कप ब्रश, कोपऱ्यांना गंज काढायचं फॉस्फरिक ॲसिडचं द्रावण, मग पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचं. जवळच्या एमआयडीसीत सँड ब्लास्टिंग करून मिळत असेल तर दोन-चार जोड्या साठवून एकदम पाठवा, ब्रशपेक्षा कितीतरी चांगलं काम होतं. स्वस्तात रेड ऑक्साइड, पण फवारणीच्या ट्रॅक्टरला मी इपॉक्सी प्रायमरच सुचवतो आणि वर पीयू रंग. रिमचा आतला भाग, म्हणजे टायरखाली झाकला जाणारा, तोच सगळ्यात नीट रंगवायचा. बहुतेक जण नेमका तोच सोडतात.

रंग कुठे मारायचा नाही तेही बघा. डिस्क जिथे हबला टेकते आणि नट जिथे बसतात तिथे रंगाचा जाड थर नको. दाबाखाली रंग चिरडतो, तेवढी फट पडते आणि घट्ट केलेले नट आपोआप ढिले होतात. प्रायमरचा एक पातळ हात पुरे.

टायर आधी वाचायचा, मग विकायचा

२० हॉर्सपॉवरच्या आतल्या बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांना मागे ८-१८ आणि पुढे ५.२०-१४ किंवा ५-१२ अशी मापं दिसतात. पहिला आकडा टायरची रुंदी इंचात, दुसरा रिमचा व्यास इंचात. मधली आडवी रेघ म्हणजे साधा, तिरप्या धाग्यांचा टायर. रेडियल असेल तर त्या जागी आर असतो. पुढे ६ पीआर, ८ पीआर असं लिहिलेलं असतं. ती टायरच्या ताकदीची पातळी आहे, आत तितके थर मोजून असतात असं नाही. चार आकड्यांचा एक शिक्काही बघा. २३२२ म्हणजे २०२२ सालच्या २३व्या आठवड्यातला माल. दुकानात उन्हात पडून राहिलेला चार वर्षांचा टायर "नवीन" म्हणून घेऊ नका, देऊही नका.

नक्षी कामाप्रमाणे. बागेत, काळ्या मातीत, ओल्यात चालणाऱ्या मागच्या चाकाला आर-१, म्हणजे तिरप्या उंच पट्ट्यांचा नेहमीचा शेतीचा टायर. आर-२ च्या पट्ट्या त्याहून खोल, भातासारख्या चिखलाच्या शेतासाठी. डांबरी रस्त्यावर तो वाया जातो. आर-३ ला उथळ, सपाट नक्षी असते. हिरवळ उकरली जाऊ नये म्हणून तो क्रिकेटची मैदानं, रिसॉर्टची लॉन, गोल्फ कोर्स इथे लागतो. आर-४ दोन्हींच्या मधला, लोडर आणि पक्क्या जागेवरच्या कामाचा. टू-व्हील ड्राइव्हच्या पुढच्या चाकाला उभ्या तीन रेघांचा एफ-२, कारण त्या रेघा वळताना बाजूला घसरू देत नाहीत.

अमेरिकेतले गार्डन ट्रॅक्टरचे व्हिडिओ तुम्ही बघत असाल, काम शिकायला ते उत्तम आहेत. पण तिथली मशीन घरामागचं गवत कापते. तिचा टायर बऱ्याचदा आर-३, बिनट्यूबचा, लहान रिमचा असतो. तिथे थंडीत पाणी गोठू नये म्हणून टायरच्या पाण्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. आपल्याकडे त्याची गरजच नाही आणि ते रिम भयंकर गंजवतं. साधं पाणी पुरे. व्हॉल्व्ह सगळ्यात वर ठेवून पाणी व्हॉल्व्हपर्यंत आलं की टायर साधारण ७५ टक्के भरतो, उरलेल्या जागेत हवा. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा.

गिऱ्हाईक हमखास रुंद किंवा मोठा टायर मागतं. "ताकद वाढेल" असं त्याला वाटतं. रुंद टायर जुन्या रिमच्या रुंदीवर नीट बसत नसेल तर तो कडेने किंवा मधोमध वेडावाकडा झिजतो. उंच टायर टाकला तर एका फेऱ्यात ट्रॅक्टर जास्त अंतर जातो, म्हणजे वेग वाढतो आणि ओढ कमी होते. त्याच्या इच्छेच्या नेमकं उलट. ओळीतली जागा कमी होते ती वेगळीच.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर अजून एक मुद्दा, आणि नवीन माणसं नेमकी इथे फसतात. त्यात पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त ओढतील असे गिअर बसवलेले असतात, साधारण १ ते ५ टक्के. टायरचं माप फक्त पुढे किंवा फक्त मागे बदललं की हे प्रमाण बिघडतं. मग पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, पुढचे टायर भराभर झिजतात आणि ताण पुढच्या एक्सलच्या गिअरवर येतो. त्याचा खर्च टायरच्या कितीतरी पट.

हे मोजता येतं. सपाट, मोकळ्या मातीवर चाकांना खडूची खूण करा. फोर-व्हील काढून मागचं चाक १० फेरे फिरेपर्यंत चालवा आणि पुढच्याचे फेरे मोजा. समजा १५ आले. आता फोर-व्हील लावून तेच करा. समजा १५.४ आले. फरक ०.४, भागिले १५, म्हणजे २.७ टक्के. चालेल. फरक शून्याच्या खाली गेला किंवा ५ च्या वर गेला तर तो टायरचा जोड त्या ट्रॅक्टरला द्यायचा नाही. दहा मिनिटांचं काम आहे, आणि गिऱ्हाईकासमोर केलंत तर ते तुम्हाला विसरणार नाही.

एका एक्सलवरचे दोन्ही टायर एकत्र बदला. एक नवा, एक गुळगुळीत अशी जोडी लावू नका.

चढवताना जिवाशी खेळ नको

टायर बसलेल्या रिमवर वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत लावायची नाही. हवा काढली असली तरी नाही. आतलं रबर तापून जो वायू तयार होतो त्याने टायर बॉम्बसारखा फुटतो. असे अपघात झालेले आहेत आणि त्यात माणसं गेलेली आहेत. पेट्रोल किंवा स्प्रे टाकून काडी लावून कड बसवण्याचे व्हिडिओ फिरतात, ते तुमच्या शेडमध्ये करून बघू नका.

रिमची कड आणि टायरची कड साबणाच्या पाण्याने ओली करा. ग्रीस, ऑइल नको. ट्यूबला पावडर लावा, ट्यूब पिळली नाही ना ते हाताने चाचपा. कड बसवताना ३५ पीएसआयच्या वर जायचं नाही. तेवढ्यात बसली नाही तर हवा काढा, पुन्हा साबण लावा. पाइपला पकडून राहणारी क्लिप लावा आणि चाकासमोर नाही, बाजूला लांब उभे राहा. बसल्यावर हवा कामाच्या दाबावर आणा. मागे साधारण १२ ते १८ पीएसआय, पुढे त्याहून जास्त. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या मॅन्युअलचा.

आर-१ ची दिशा टायरवरच्या बाणाने ठरते. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं की तिरप्या पट्ट्यांचं टोक वरच्या दिशेला दिसलं पाहिजे. नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने.

पैशाचं बोलू

खालचे आकडे फक्त मांडणी समजावी म्हणून धरलेले आहेत, तुमच्या गावचे भाव घाला. मागच्या दोन रिमचं काम: मजुरी ६ तास, तासाला १२५ म्हणजे ७५० रुपये. ब्रश, द्रावण, प्रायमर, रंग, थिनर ९००. वीज आणि अवजारांची झीज १५०. परत आलेल्या कामासाठी बाजूला ठेवायचे २००. झाले २,०००. तुम्ही २,८०० घेतले तर हातात ८०० राहतात. परत आलेल्या कामाचे २०० बरेच जण धरत नाहीत, आणि वर्षअखेरीस नफा कुठे गेला ते शोधत बसतात.

टायरवर फार कमावण्याची आशा ठेवू नका. किंमत गिऱ्हाईकाच्या फोनवर असते. सुरुवातीला टायरचा साठा करू नका. जिल्ह्याच्या डीलरशी बोलून ऑर्डरप्रमाणे आणा आणि चढवण्याची, तपासणीची मजुरी वेगळी लावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. दुरुस्तीच्या मजुरीवर मात्र १८ टक्केच, त्यामुळे बिलात दोन्ही ओळी वेगळ्या ठेवा. नोंदणीची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख, सेवा देणाऱ्याला २० लाख. तुम्ही दोन्ही करणार, तेव्हा २० लाख धरून चाला आणि एकदा सीएला विचारून घ्या. उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

आणि कार्डावर एक तारीख जास्तीची लिहा. नवीन रंगवलेल्या चाकाचे नट पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा घट्ट करावे लागतात. डिलिव्हरीनंतर तिसऱ्या दिवशी तुम्हीच फोन करा: "काका, किती तास चालला? पाना घेऊन येऊ का?" बागेत गेलात की शेजारच्या दोन बांधांवरचे ट्रॅक्टरही दिसतात. त्यांच्या चाकांकडे नजर टाकून या.